सातपूरचे समानार्थी शब्द

शाळेत समानार्थी शब्द शिकवताना दोन शब्दांच्या मध्ये बरोबरचं चिन्ह असतं. सूर्य बरोबर रवी, रवी बरोबर भास्कर. कामगार बरोबर श्रमिक, श्रमिक बरोबर मजूर. पेपरात यातला कुठलाही लिहा, मार्क मिळतो. नाशिकच्या सातपूरमध्ये मात्र श्रमिकनगर वेगळं आणि कामगारनगर वेगळं. रिक्षावाल्याला एकाच्या जागी दुसरं सांगितलंत तर तो भलतीकडे उतरवेल आणि वर भाडंही घेईल.

मी सातपूरला राहते आणि इंग्रजीच्या शिकवण्या घेते. आयटीआय झालेली, डिप्लोमा झालेली पोरं माझ्याकडे येतात ती इंटरव्ह्यूत 'बोलता यावं' म्हणून. थोड्या दिवसांनी वेगळंच काम सुरू होतं. मोबाइलवर आलेलं पत्र पुढे धरतात आणि विचारतात, "मॅडम, हे जरा बघा ना, नोकरी लागली का?" पत्र इंग्रजीत, दोन पानांचं, गुळगुळीत. त्यात 'वेलकम' असतं, 'फॅमिली' असते, 'जर्नी' असते. आणि कुठल्या तरी एका ओळीत एक नाम असतं: ट्रेनी, अप्रेंटिस, असोसिएट, फिक्स्ड टर्म एम्प्लॉयी. पोरांच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका नामात असतं.

पोरांना हे सगळे शब्द सारखेच वाटतात. कंपनीत लागला म्हणजे लागला. घरचे पेढे वाटतात. दोष पोरांचा नाही. आपण त्यांना बरोबरचं चिन्ह शिकवलं, ते त्यांनी प्रामाणिकपणे लक्षात ठेवलं.

साहित्यात आपण शब्दांच्या छटांवर पुष्कळ बोलतो. कवीने 'संध्याकाळ' न लिहिता 'सांज' का लिहिलं, यावर तासभर चर्चा होते, आणि व्हायलाच हवी. तीच नजर मला नेमणूकपत्राकडे वळवायची आहे. जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांमधला फरक आपल्याकडे 'चांगल्या इंग्रजी'चा भाग म्हणून शिकवला जातो, जणू शर्टाला इस्त्री करण्याची गोष्ट. सातपूरमध्ये तो फरक पगाराचा असतो, पीएफचा असतो, आणि पुढच्या महिन्यात गेटच्या आत घेतील की नाही याचा असतो.

इंग्रजीकडे इतके शब्द आले कुठून

इंग्रजीत एकाच गोष्टीला तीन-तीन शब्द का असतात, याचं मोठं कारण एक स्वारी आहे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. राज्यकर्ते फ्रेंच बोलणारे, रयत जुनी इंग्रजी बोलणारी, आणि चर्चची भाषा लॅटिन. न्यायालयातही फ्रेंच चालायची. दावे इंग्रजीत चालवावेत असा कायदा झाला तो थेट 1362 मध्ये. तोवर इंग्रजीच्या घरात तीन भाषांचं सामान येऊन पडलं होतं. 'वर्क' घरचा, 'लेबर' फ्रेंचमधून आलेला. मृत्युपत्राला इंग्रज आजही 'विल अँड टेस्टामेंट' म्हणतात, त्यातला पहिला शब्द जुन्या इंग्रजीचा, दुसरा लॅटिनचा.

पण एका घरात दोन भाऊ राहायचे तर खोल्या वाटून घ्याव्या लागतात. शब्दांचंही तसंच होतं. 'वेज' हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्याचा अर्थ तारण, हमी असा होता. 'सॅलरी'च्या मुळाशी लॅटिनमधलं मीठ आहे, आपण 'खाल्ल्या मिठाला जागणे' म्हणतो त्याच्या शेजारचं. 'स्टायपेंड' हा तर रोमन सैनिकाचा पगार. तिन्हींचा अर्थ कामाबद्दल मिळणारे पैसे. कालांतराने वाटणी झाली: हातांनी काम करणाऱ्याला वेज, टेबलापाशी बसणाऱ्याला सॅलरी, आणि शिकणाऱ्याला स्टायपेंड. रोमन सैनिकाचा पगार सातपूरच्या अप्रेंटिसपर्यंत येईतो त्यातला पगार निघून गेला. हे भाषेने आपणहून केलेलं नाही. ही वाटणी कायद्याने पक्की केली.

एक मशीन, बरीच नावं

एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये एका मशीनवर उभ्या असलेल्या माणसाची कल्पना करा. 1948 च्या कारखाने कायद्यात तो 'वर्कर' होता, मग त्याला कंपनीने घेतलेलं असो की ठेकेदाराने पाठवलेलं असो. सुरक्षेच्या नियमांसाठी दोघंही एकच. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात शब्द बदलला: तिथे 'वर्कमन'. अंगमेहनतीचं, कुशल-अकुशल, तांत्रिक किंवा कारकुनी काम करणारा वर्कमन. मुख्यत: व्यवस्थापनाचं काम करणारा वर्कमन नाही. सुपरवायझर असेल तर ठरावीक पगारापर्यंतच वर्कमन. त्या रेषेपलीकडे गेला की नोकरीवरून वाद झाल्यास कामगार न्यायालयाचं दार त्याच्यासाठी बंद. म्हणून एखाद्याला ऑपरेटरचा 'एक्झिक्युटिव्ह' केलं की घरी आनंद होतो, आणि वकील आधी विचारतो, "काम काय करता ते सांगा, पदाचं नाव राहू द्या."

अपघाताच्या भरपाईचा 1923 चा कायदा 'वर्कमेन'च्या नावाने होता. 2009 मध्ये दुरुस्ती होऊन नावात 'एम्प्लॉयी' आला, कारण 'मन' म्हणजे पुरुष, आणि हात तर बाईचाही मशीनमध्ये जातो. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, जुने 29 कायदे त्यांत सामावले गेले. त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेने 'वर्कमन' काढून 'वर्कर' आणला. पण शेजारी 'एम्प्लॉयी'ही ठेवला, वेगळ्या व्याख्येसह. मॅनेजर एम्प्लॉयी आहे, वर्कर नाही. म्हणजे दोन शब्दांमधली भिंत नवीन घरातही आहे, फक्त रंग नवा.

आता मराठी पाहा. 'एम्प्लॉयीज स्टेट इन्शुरन्स'ला आपण म्हणतो राज्य कामगार विमा. 'एम्प्लॉयीज प्रॉव्हिडंट फंड'ला म्हणतो कर्मचारी भविष्य निर्वाह निधी. इंग्रजीत दोन्हीकडे शब्द एकच. मराठीत मात्र आजारी पडला की माणूस कामगार, आणि पैसे साठवले की कर्मचारी. सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात रांगेत उभा राहणारा आणि मोबाइलवर पीएफचं पासबुक बघणारा माणूस एकच असतो. इंग्रजीने न केलेला भेद आपण केला, आणि त्यात आपली नजर दिसते: कामगाराच्या अंगाला तेल लागलेलं, कर्मचाऱ्याच्या खिशाला पेन. 'लेबर कोड'ला हिंदीने श्रम संहिता म्हटलं, आपण कामगार संहिता. श्रम ही क्रिया आहे, कामगार हा माणूस. इथे मला मराठीची निवड जास्त आवडते.

उमेदवार

'अप्रेंटिस'साठी मराठीत सरकारी शब्द आहे 'शिकाऊ उमेदवार'. सगळ्या परिभाषेतला हा मला सर्वात प्रामाणिक वाटणारा शब्द. उमेदवार म्हणजे उमेद असलेला. निवडणुकीतला उमेदवार जसा अजून निवडून आलेला नसतो, तसाच हाही.

1961 च्या अप्रेंटिस कायद्याचं कलम 18 म्हणतं की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, वर्कर नाही, आणि कामगारविषयक कायदे त्याला लागू होत नाहीत. शिकण्याच्या काळात आरोग्य आणि सुरक्षेचे नियम मात्र लागू होतात. इजा झाली तर भरपाईची तरतूद आहे. म्हणजे बोट कापलं तर तो कामगारासारखा, पगाराचा विषय निघाला तर विद्यार्थ्यासारखा. शिकून झाल्यावर त्याला कामावर घेतलंच पाहिजे असं बंधनही मालकावर नाही. कायदा क्रूर आहे असं मी म्हणत नाही. शिकण्याचा एक टप्पा असावा, त्यात पूर्ण जबाबदारी नसावी, हे समजण्यासारखं आहे. अडचण येते ती शिकणं संपून नुसतं उत्पादन सुरू होतं आणि शब्द तोच राहतो तेव्हा.

आणि इथेच अनुवाद घसरतो. स्टायपेंडला आपण 'विद्यावेतन' म्हणतो. कानाला सुंदर शब्द. पण त्याच्या पोटात 'वेतन' आहे, आणि कायद्याला नेमकं तेच मान्य नाही. 2019 च्या दुरुस्तीने किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना 5,000 ते 9,000 रुपये केलं. हातात येणाऱ्या त्या रकमेला घरी सगळे पगारच म्हणतात, आणि मराठी शब्दही त्यांना दुजोरा देतो. पण त्या रकमेतून पीएफ कापला जात नाही, कारण तो पगार नाही. उमेदवार हा शब्द खरं बोलतो, विद्यावेतन हा शब्द धीर देतो. दोन्ही एकाच कागदावर असतात.

'ट्रेनी' हा अप्रेंटिसचा जुळा भाऊ वाटतो. अप्रेंटिसच्या मागे निदान एक कायदा आहे, नोंदवलेला करार आहे, ठरलेला काळ आहे. नुसत्या 'ट्रेनी'ला अशी ठाम चौकट नाही. कंपनीने तो शब्द लिहिला म्हणून माणूस आपोआप शिकाऊ ठरत नाही. वाद झालाच तर न्यायालय प्रत्यक्ष काम काय होतं ते बघतं. म्हणून मी पोरांना सांगते: पत्रात अप्रेंटिस असेल तर कराराची नोंद मागा, ट्रेनी असेल तर कुणाकडून काय शिकणार ते विचारा. दुसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं तर ठीक. समोरचा हसला, तर तुम्हाला अर्थ कळला.

सेविका आणि स्वयंसेविका

हे कारखान्यापुरतं नाही. सातपूरच्या गल्ल्यांमधून सकाळी दोन बायका फिरतात. एक अंगणवाडीत जाते, दुसरी घरोघरी. इंग्रजीत पहिली 'अंगणवाडी वर्कर' आहे. वर्कर! मराठीत ती झाली 'सेविका'. दुसरी 'आशा', म्हणजे इंग्रजी आद्याक्षरं उलगडली तर मान्यताप्राप्त सामाजिक आरोग्य 'ॲक्टिव्हिस्ट', कार्यकर्ती. मराठीत ती 'स्वयंसेविका'. वर्करची सेविका होताना कामाची सेवा झाली. कार्यकर्तीची स्वयंसेविका होताना ती आपल्या मर्जीने, फावल्या वेळात येत असावी असं वाटू लागलं. सेवेचा मोबदला मागायचा नसतो, हा संस्कार आपल्या रक्तात इतका आहे की शब्द बदलला की मागणीच अवघड होते. म्हणून पहिलीला पगार नाही, 'मानधन'. मान आधी, धन नंतर.

अनुवादात मूळ शब्दाचा दर्जा वाढवता येतो तसा उतरवताही येतो. मराठीने इथे तो उतरवला, तोही गोड शब्दांनी. इंग्रजीही काही धुतल्या तांदळासारखी नाही, तिनेही वेज न म्हणता 'ऑनरेरियम' म्हटलंच. पण 2022 च्या एप्रिलमध्ये गुजरातमधल्या अंगणवाडी महिलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अंगणवाडी वर्कर आणि हेल्पर यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे. त्यांना मिळणारं ऑनरेरियम हे ग्रॅच्युइटी कायद्याच्या अर्थाने वेजेसच आहे. शब्द तोच राहिला, त्याचं वाचन बदललं. समीक्षा याहून वेगळं काय करते?

'लेऑफ' म्हणजे नक्की काय

तुमच्या फोनवर हा शब्द आलेला असणार. नोव्हेंबर 2022 मध्ये मेटाने 11,000 माणसं कमी केली, त्यानंतर 'लेऑफ' आपल्याकडे घराघरात पोचला. पुण्यातल्या आयटीतला भाऊ म्हणतो, "लेऑफ झाला." सातपूरमधला काका म्हणतो, "आमच्याकडे लेऑफ लागलाय." दोघं एकाच लग्नात शेजारी बसून हा शब्द वापरतात आणि एकमेकांची दया करतात, पण दोघांच्या गोष्टी पूर्ण वेगळ्या असतात.

काकांचा लेऑफ भारतीय कायद्याचा. कच्चा माल नाही, वीज नाही, मशीन बंद पडलं, माल साठून राहिला, म्हणून मालक काम देऊ शकत नाही. कामगाराचं नाव मात्र मस्टरवर कायम. ही व्यवस्था 1953 मध्ये कायद्यात आली. अशा दिवसांची भरपाई मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी. त्यासाठी त्याने कामाच्या वेळेत दिवसातून एकदा तरी गेटवर हजर व्हायचं. काम नाही, पण हजेरी आहे. पोराचा लेऑफ अमेरिकन. तिथेही हा शब्द पूर्वी तात्पुरत्या खंडासाठी होता, मंदी संपली की परत बोलावणं यायचं. हळूहळू बोलावणं बंद झालं, शब्द राहिला. आपल्या कायद्याच्या भाषेत भावाचं जे झालं त्याला म्हणतात 'रिट्रेंचमेंट'. ब्रिटनमध्ये त्याला 'रिडंडन्सी' म्हणतील, जणू माणूस नाही, जागाच जादा झाली. 'डिसमिसल' त्याहून वेगळं, ती गैरवर्तनाची शिक्षा. रिट्रेंचमेंटच्या व्याख्येत शिक्षा म्हणून काढणं बसतच नाही. तिथे एक महिन्याची नोटीस लागते, प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार लागतो, आणि साधारण नियम असा की शेवटी आलेला आधी जातो.

मराठीत आपण सगळ्याला म्हणतो, "काढलं." बोलताना ठीक आहे. पण "तुला का काढलं?" या प्रश्नात संशय असतो. रिट्रेंच झालेल्या माणसाचा काही गुन्हा नसतो, हे आपला शब्द सांगतच नाही. सरकारी मराठीत त्याला 'कपात' म्हणतात. तो अनुवाद मुळाला धरून आहे, कारण रिट्रेंचच्या मुळातही कापणं, छाटणंच आहे. पण त्याच शब्दाने आपण पगारातून कापलेले पैसेही सांगतो. पगारपत्रकात कपात आणि नोटीसबोर्डावर कपात. एकीकडे दोनशे रुपये जातात, दुसरीकडे नोकरी.

रिट्रेंचमेंट या शब्दाचा स्वतंत्र चरित्रग्रंथ होईल. स्टेट बँकेने एका माणसाला नऊ दिवसांसाठी नेमलं. नऊ दिवस भरले की नेमणूक आपोआप संपणार, असं पत्रातच लिहिलेलं. 1976 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासमोर प्रश्न आला: याला रिट्रेंचमेंट म्हणायचं का? व्याख्येत 'कुठल्याही कारणाने' सेवा संपवणं असे शब्द होते. त्यांनी ते शब्द एखाद्या कवितेच्या ओळीसारखे वाचले. कुठल्याही म्हणजे कुठल्याही. नेमणुकीच्या पत्रातच शेवट लिहून ठेवला तरी तो मालकाने केलेला शेवटच. निकाल कामगाराच्या बाजूने गेला. 1984 मध्ये संसदेने व्याख्येत भर घालून सांगितलं की कराराची मुदत संपली आणि तो पुढे वाढवला नाही, तर ती रिट्रेंचमेंट नाही. आजच्या संहितेत फिक्स्ड टर्म एम्प्लॉयीची मुदत संपणंही त्या व्याख्येबाहेर आहे. त्याला पगार-सुविधा कायम कामगाराइतक्या, ग्रॅच्युइटी एका वर्षानंतर. पण शेवटच्या दिवशी त्याला कुणी 'काढत' नाही. त्याची मुदत संपते. क्रियापदातून कर्ता नाहीसा झाला की जबाबदारीही नाहीशी होते.

सातपूरच्या जुन्या कामगारांनी मात्र एका क्रियापदाशी कधी तडजोड केली नाही. 'व्हॉलंटरी रिटायरमेंट'ला कागदावर स्वेच्छानिवृत्ती म्हणतात. स्वेच्छेची गोष्ट घ्यायची असते. पण श्रमिकनगरात मी नेहमी ऐकते, "नव्व्याण्णवला आम्हाला व्हीआरएस दिली." दिली! इच्छा कुणाची होती ते त्या एका क्रियापदात आलं. कुठल्याही भाषातज्ज्ञाने इतकी नेमकी टीप लिहिली नसती.

दोन टाळेबंद्या

मालकाने वादात गेट बंद केलं तर ते 'लॉकआउट'. मराठीत टाळेबंदी, उत्तम शब्द. कुलूप दिसतं, कुलूप लावणारा दिसतो. संप कामगाराचा, टाळेबंदी मालकाची. दोन्हींत काम बंदच असतं, पण कुणी केलं हे शब्दातच असल्यामुळे पिढ्यान् पिढ्या गोंधळ झाला नाही. मग मार्च 2020 आला. 'लॉकडाउन'साठी वर्तमानपत्रांनी आणि सरकारी मजकुराने शब्द उचलला: टाळेबंदी. सरकारने साथीसाठी सगळ्यांना घरात बसवलं, त्यालाही तोच शब्द. इंग्रजीत आउट आणि डाउन एवढाच फरक, पण एकात माणूस बाहेर अडकतो आणि दुसऱ्यात आत. आता एखादा तरुण वाचक जुन्या गिरणीकामगारांच्या गोष्टीत टाळेबंदी वाचेल तेव्हा त्याला मास्क आठवेल. एका चांगल्या शब्दाचं हे नुकसान आपण दोन-तीन महिन्यांत करून टाकलं. लॉकडाउनला लॉकडाउनच म्हटलं असतं तर काही बिघडलं नसतं. लोक तेच म्हणत होते.

उलटही होतं; दोन वेगळ्या शब्दांमध्ये कायदा स्वत:च बरोबरचं चिन्ह घालतो. नव्या संहितेत एका दिवशी निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून किरकोळ रजा घेतली तर तो संप धरला जातो. रजा माझी, संप आमचा, असा फरक होता. तो आता टक्केवारीवर ठरतो.

इंग्रजीला शब्द सापडला नाही तेव्हा

या सगळ्यावरून वाटेल की नेमकेपणा इंग्रजीकडे आणि मोघमपणा मराठीकडे. तसं नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी त्या दिवसापुरता दुसरा उभा राहायचा. तो 'बदली'. इंग्रजीकडे टेम्पररी होता, कॅज्युअल होता, सब्स्टिट्यूट होता. एकही पुरेना. टेम्पररीला ठरावीक मुदत असते, कॅज्युअलचं काम किरकोळ असतं, आणि बदलीचं काम तर कायमचं असतं, फक्त दुसऱ्याचं. शेवटी इंग्रजी कायद्याने हात टेकले आणि 'बदली वर्कमन' असाच शब्द छापून त्याची व्याख्या केली: मस्टरवर ज्याचं नाव आहे अशा दुसऱ्या कामगाराच्या जागी काम करणारा. वर हेही लिहिलं की त्याने वर्षभराची सलग सेवा केली की लेऑफच्या भरपाईसाठी त्याला बदली म्हणायचं नाही. महाराष्ट्राने 1969 मध्ये माथाडी कायदा केला, त्याच्या इंग्रजी नावातही 'माथाडी' आणि 'हमाल' असे दोन्ही शब्द आहेत. कोशात ते शेजारी बसतील. ओझं उचलणाऱ्यांनी त्यांना एक मानलं नाही, म्हणून कायद्यानेही मानलं नाही.

हे शब्द समितीत बसून घडवलेले नाहीत. ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता त्यांनी ते वापरून वापरून धारदार केले. सरकारी परिभाषेशी माझं भांडण ती अवघड आहे म्हणून नाही. शिकाऊ उमेदवार हाही सरकारीच शब्द, आणि तो चोख आहे. भांडण आहे ते गोड शब्दांशी. सेविका, मानधन, विद्यावेतन. इंग्रजीतले 'असोसिएट' आणि 'फॅमिली' त्यांचेच चुलतभाऊ. असोसिएट म्हणजे सहकारी, जवळजवळ भागीदार. ज्याला भागीदार म्हणतात त्याच्या पत्रात मुदत अकरा महिन्यांची असते.

कुणी म्हणेल, शब्द कळून काय होणार? ताकद ज्याच्या हातात, अर्थ त्याचा. यात तथ्य आहे. अप्रेंटिसचा अर्थ कळला म्हणून कुणी कायम होत नाही. बेकारी असेल तर अर्थ कळूनही पोरगं सही करतं, आणि मी त्याला करू नको म्हणत नाही. पण अंगणवाडीच्या महिलांनी नवा शब्द मागितला नव्हता. जुन्याच शब्दाचा नीट अर्थ लावून मागितला होता. सही करताना आपण कशावर करतोय हे माहीत असलेला माणूस, आणि पेढे वाटल्यावर वर्षभराने कळलेला माणूस, यांच्यात फरक असतो. पहिला मधल्या काळात दुसरीकडे अर्ज करतो, हजेरीचे पुरावे जपतो, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मागून घेतो. दुसरा वाट बघतो.

म्हणून कुठलंही पत्र आलं की तीन गोष्टी वाचा. माझ्यासाठी कुठलं नाम वापरलंय. मला मिळणाऱ्या पैशाला काय म्हटलंय. आणि शेवट कुठल्या क्रियापदाने होतो: काढतील, संपेल, की मी 'स्वेच्छेने' जाईन. बाकीची दोन पानं वेलकम आणि जर्नीची असतात, ती सावकाश वाचली तरी चालतात.